तीनशे फ्रॉक आणि तात्याबांचं सुतक

आमच्या कंपनीत सगळ्यात आधी आलं ते लेबल. फ्रॉक नव्हता, कापड नव्हतं, शिवणार कोण याचा पत्ता नव्हता, पण एका दुपारी दादा, म्हणजे माझे वडील, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा टेंपो रिकामा करून येताना एक खोकं घेऊन आले आणि ओट्यावर ठेवून म्हणाले, "घ्या. झाली कंपनी." खोक्यात बोटाच्या पेराएवढ्या रेशमी पट्ट्या होत्या, निळ्यावर पिवळ्या अक्षरांत 'मैना'. पाच हजारांच्या खाली छापत नाही असं लेबलवाला म्हणाला, म्हणून दादांनी पाच हजार घेतली. आमच्या येडगावात तेव्हा पाच हजार माणसं तरी होती का, देव जाणे. आईनं एक लेबल उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "आन् ह्ये लावायचं कशाला?" या एका प्रश्नावर आमच्या घरात दिवाळीपर्यंत भांडण चाललं. त्या खोक्याच्या तळाशी अजून शे-दीडशे लेबलं आहेत. ती माळ्यावर असतात आणि मी कुणाला हात लावू देत नाही.

कंपनीची कल्पना इंदूआत्याची. आत्या दादांची धाकटी बहीण. तिला मंचरकडं दिली होती. नवऱ्यानं दुसरं घर केलं तेव्हा रडत माहेरी न येता तिनं सरळ भोसरी गाठली आणि शर्टाच्या एका कारखान्यात अकरा वर्षं काढली. पुढं तो कारखाना कुठल्याशा दुसऱ्या राज्यात हलला. जाताना जे काही हातात पडलं त्यातून आत्यानं त्याच कारखान्यातली चार जुनी मशीनं घेतली, दादांच्या टेंपोत घातली आणि ती येडगावला आली. टेंपोतून मशीनं उतरताना बघून आई म्हणाली, "वन्संनी रुखवत लई मोठं आणलंय." आत्या म्हणाली, "वैनी, नवरा तेवढा आणायचा ऱ्हायला बघा." दोघी हसल्या, पण आईचं हसणं आधी थांबलं. सासरी न नांदलेली नणंद चार मशीनं घेऊन घरात येते, ती किती दिवसांसाठी, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी मात्र खूश होते. मी एकोणीस वर्षांची, बारावी झालेली, आणि पुढं माझं काय करायचं हे ठरत नसल्यानं भाकऱ्या थापत बसलेली. आत्या माझ्याशी बरोबरीच्या बाईसारखी बोलायची. माझं मत विचारणारं त्या घरात तीच एक माणूस होती.

लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती. पहिल्याच आठवड्यात जेवताना तिनं सगळ्यांना सांगून टाकलं. भोसरीतल्या तिच्या मैत्रिणीनं दुसऱ्या एका कारखान्यात तिच्यासाठी जागा बोलून ठेवली होती, दिवाळीनंतर हजर व्हायचं. "दिवाळीपत्तुर मैना उडाली तर मी हितं ऱ्हाईन. न्हाई तर मी आपली भोसरीला, माझ्या खोलीत. भावाच्या ताटात फुकटचं किती दीस जेवायचं?" दादा म्हणाले, "कोन म्हनलं फुकटचं?" आईनं आत्याच्या पानात अजून एक शेंगोळं वाढलं. मी त्या रात्रीपासून दिवाळीचे दिवस मोजायला लागले.

लहान मुलींचे गोल कॉलरचे फ्रॉक काढायचे, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. ते बनवायचे कसे यावर घरात तीन पक्ष झाले. दादांचा पक्ष सगळ्यात सोपा: ठोक बाजारातून आयता माल आणायचा, त्यावर आपलं लेबल टाचायचं आणि मोकळं व्हायचं. "लेबल आपलं, डोकेदुखी दुसऱ्याची," हे ते इतक्या वेळा म्हणाले की शेवटी एक गठ्ठा घेऊनच आले. मी आणि आत्यानं दोन दिवस बसून लेबलं टाचली. विकायच्या आधी एक धुऊन बघू, असं आईनं म्हटलं आणि एक लाल फ्रॉक घरच्या धुण्यात घालून ती धरणाच्या पाण्यावर गेली. परत आली तेव्हा दादांचे चारही लेंगे, दोन बंड्या आणि टोपी गुलाबी झाली होती. पुढं महिनाभर दादा गुलाबी लेंग्यात बाजारात टोमॅटो उतरवत होते. "काय राव पावणं, वरातीतनं डायरेक आला का?" असं हमाल विचारायचे. त्या एका धुण्यात दादांचा पक्ष संपला, आणि पाच हजारांतली दीडशे लेबलं उसवण्यात आमच्या आणखी दोन संध्याकाळी गेल्या.

राहिले दोन पक्ष. आईचं म्हणणं, एका बाईनं एक फ्रॉक पहिल्या टाक्यापासून काजबटणापर्यंत आख्खा शिवावा, आपापल्या घरी, आपल्या सवडीनं. आईचा शिवणाचा हात सगळ्या गावाला माहीत होता. पोरीचं लग्न ठरलं की तिला महिना-दोन महिने आमच्या ओट्यावर पाठवायचे; आई तिला कापायला-शिवायला शिकवायची आणि रुखवतात बापानं मशीन दिलं की पोरगी ते वाजवायला तयार असायची. गावातल्या निम्म्याअधिक लेकी आईच्या हाताखालून सासरी गेल्या होत्या. याच्या उलट आत्या: एकीनं फक्त बाह्या, एकीनं फक्त पुढा, एकीनं घेर, शेवटी जोडणी, आणि कॉलर तिची स्वतःची. याला ती 'लाइन' म्हणायची. "वैनी, आख्खा फ्रॉक शिवनारी बाई दिसात तीन काढंल. लाइन लावली तर पाच बाया तीस काढतील, आन् सगळे येका साच्यातले." आई म्हणायची, "आन् नुसत्या बाह्या शिवून त्या बाईला काय वाटंल?" आत्याला हा प्रश्नच कळायचा नाही.

निकाल लावला पोपटशेठनं. त्यांचं नारायणगावात कापडाचं दुकान होतं. आईनं शिवलेला आणि आत्यानं कॉलर लावलेला एक फ्रॉक नमुना म्हणून आम्ही त्यांना दाखवायला नेला. त्यांनी कॉलरवरून अंगठा फिरवला, मग पुन्हा फिरवला, आणि म्हणाले, "तीनशे द्या. धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी दुकानात पायजेत. सगळे येकसारखे. जमलं तर आख्खी येक फळी तुमच्या मैनेची. न्हाई जमलं तर मला पुन्हा त्वांड दाखवू नका." 'येकसारखे' म्हटल्यावर आत्यानं आईकडं असं बघितलं की आई परतीच्या वाटेवर टेंपोत खिडकीबाहेरच बघत बसली.

कांदे विकून रिकामी झालेली चाळ आम्ही झाडून घेतली आणि त्यात चार मशीनं आणि आईचं पाचवं मांडलं. बाया निवडल्या आत्यानं. हाक मारली की येतील, लेकरं जवळ ठेवता येतील अशा: आई, मी, माझी थोरली काकू आणि दोन चुलत वहिन्या. सगळ्यांची घरं एका भिंतीला लागून, सगळ्यांचं आडनाव एक. यात काही चूक आहे असं आमच्यातल्या कुणालाही वाटलं नाही. उलट दादा म्हणाले, "घरचीच मानसं, म्हंजे काळजी न्हाई."

आणि लाइन धावायला लागली. सकाळची भाकरी झाली की पाच मशीनं एकदम सुरू व्हायची. चाळीच्या पट्ट्यांमधून ऊन कापडावर आडवं पडायचं, कांद्याचा वास बाह्यांना लागायचा, आणि कॉलरी रात्रीवर टाकून आत्या हातात टेप घेऊन मागून फिरायची. "पीस रिजेक्ट," असं ती काकूला म्हणाली तेव्हा काकू दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. धाकटी वहिनी बाह्यांना इतकी कंटाळली की लपून घेर शिवायला लागली. मग बाह्या कमी आणि घेर जास्त झाले. आईनं एकदा हौसेनं कॉलर शिवून बघितली. आत्यानं ती वर धरली, मान हलवली आणि सगळं उसवून टाकलं. "तशी न्हाई वैनी. सुईला घाई करू नका, कापड वळंल तशी वळू द्या." आईची गोलाई काही केल्या बटाट्यासारखीच व्हायची. दुपारी सगळ्या चाळीतच जेवायच्या, आणि ज्या दिवशी काकू मासवडी आणायची त्या दिवशी रिजेक्ट होणारे पीस जरा कमी व्हायचे, असं माझं निरीक्षण आहे.

चाळीच्या तोंडाशी बाजेवर तात्याबा बसलेले असायचे. ते दादांचे चुलतचुलते, नव्वदीच्या पुढचे, सगळ्या भावकीत वडीलधारे. बारा वर्षांत ते चार वेळा 'जाऊन' आले होते. चारही वेळा लेकीबाळी एस.टी.नं रडत आल्या आणि तात्याबांनी उठून त्यांच्याबरोबर चहा घेतला. मशीनं सुरू झाली की ते म्हणायचे, "कंपनीचा भोंगा कुठाय?" एक दिवस त्यांनी आत्याला हाक मारली. "इंदे, मला येक कोपरी शिव. लेबल लावून." आत्या म्हणाली, "तात्याबा, ह्या लाइनीत फक्त फ्रॉक निगतो." तात्याबा जरा विचार करून म्हणाले, "मंग फ्रॉक दे." चाळीतली पाचही मशीनं हसण्यानं थांबली. आत्याही हसली, पण त्या संध्याकाळी ती मला हळूच म्हणाली, "नंदे, खरं सांगू? मला कोपरी येत न्हाई. कोपरीला कॉलर नसती." अकरा वर्षं तिनं फक्त कॉलरी शिवल्या होत्या. जन्मात एकही आख्खं कापड तिनं शिवलेलं नव्हतं. हे गुपित मी कितीतरी दिवस पोटात ठेवलं, आणि पोटात काही ठेवण्यात मी मुळीच पटाईत नाही.

नवरात्रात घरात घट बसले. नैवेद्याचं ताट आत्यानं उचललं तेव्हा काकूनं ते हळूच तिच्या हातातून घेतलं. "ऱ्हाऊ द्या वन्सं. कुळाचार ह्या घरच्या बायांनी करायचा. तुमी त्या घरच्या." नवऱ्यानं टाकलं तरी गोत्र त्याचंच. काकूच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता, रीतच ती होती. पण आत्या उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली, आणि आरती होईपर्यंत हातातली निरांजनाची वात वळत राहिली.

दसऱ्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तात्याबा पाचव्यांदा गेले, आणि या वेळी उठले नाहीत. आम्ही दुपारपर्यंत वाट पाहिली.

रडणं झालं, नदीवरून माणसं आंघोळ करून आली, आणि मग काकूनं चाळीत जाऊन मशीनवर फडकं टाकलं. आत्यानं विचारलं, "उद्या किती वाजता बसायचं?" काकू फडक्याची टोकं नीट करत राहिली. शेवटी आई म्हणाली, "वन्सं, सुतक पडलं. धा दीस सुईला हात न्हाई." आत्याचा चेहरा मला अजून दिसतो. माल द्यायला बारा दिवस होते. त्यातले दहा गेले. आणि पाचही बाया एकाच भावकीतल्या, म्हणजे एकाच माणसाच्या जाण्यानं आख्खी लाइन जागच्या जागी थांबली. "कारखान्यात असं कवा झालं न्हाई," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. होणार कसं? तिथं पन्नास गावची, पन्नास आडनावांची माणसं होती. ती बाजू आत्याच्या ध्यानातच आली नव्हती. आई म्हणाली, "दिवाळीचं नवं कापड लेकराच्या अंगावर घालायचं. सुतकातल्या हातचं मी तर माझ्या लेकीला घातलं नसतं." आत्यानंही घातलं नसतं.

त्याहून वाईट पुढंच होतं. आम्ही दोघी चाळीत माल मोजायला गेलो. सहाशे बाह्या तयार होत्या. तीनशे कॉलरी तयार होत्या, एकीवर एक रचलेल्या. पुढचे भाग, पाठी, घेर सगळं तयार. आणि फ्रॉक? एकही नाही. जोडणी शेवटी एकदम करायची असं आत्याचं ठरलेलं होतं. आईच्या पद्धतीनं गेलो असतो तर निदान शे-सव्वाशे फ्रॉक हातात असते. आई हे बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं आत्या पुढं कैक वर्षं सांगायची. त्या दिवशी ती मशीनांना तेल देत बसली आणि मग तिनं आपली पत्र्याची पेटी झाडून उन्हात ठेवली. पेटी उन्हात म्हणजे भोसरी. मी चाळीमागं जाऊन पोटभर रडले. सगळ्यांना वाटलं, पोरीचा तात्याबांवर फार जीव.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला भावकीतल्या सासरी गेलेल्या लेकी आल्या. आण्याहून मंदा आली, पठारावरून पहिल्या एस.टी.नं. ओतूर, घोडेगाव, आळे, कुठून कुठून एकेक आली. आहुप्याहून शैला आली. तिचा नवरा तिथल्या आश्रमशाळेत शिक्षक. सुतकाच्या घरात चूल नीट पेटत नाही म्हणून प्रत्येकीच्या डोक्यावर पिठलं-भाकरीचं गाठोडं. आमच्याकडं तीन दिवस फोडणी बंद होती; मंदाच्या पिठल्यातला लसूण मला स्वर्गासारखा लागला, आणि एवढ्या दुःखात आपल्याला लसूण कसा आवडतो याची लाजही वाटली. जेवणं झाली, दिवस कलला, आणि आई सवयीनं म्हणाली, "मंदे, जा म्हसोबाला दिवा लावून ये. तुला न्हाई सुतक." मंदा उठली. आई तिच्या पाठीकडं बघत राहिली. मग तिनं अंगणात बसलेल्या लेकींकडं बघितलं, एकेकीकडं, सावकाश, आणि शेवटी भिंतीला टेकून बसलेल्या आत्याकडं.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमाला तरी कुठं हाय सुतक? तुमी त्या घरच्या."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग आत्या हसायला लागली. तोंडाला पदर लावून, सुतकाच्या अंगणात, पुरुष बाहेर बसलेले असताना, ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं, आणि ती आधीच बसलेली होती. "जल्मात त्या मानसानं येकच कामाची गोष्ट दिली बघा," ती म्हणाली. "आडनाव!"

सात लेकी होत्या. सातही जणींची आडनावं सात, घरी रुखवतातली मशीनं, आणि सातही जणी आईच्या हाताखालच्या. आत्याला एवढीच धास्ती, सात जणींनी आख्खा फ्रॉक जोडला तर सात तऱ्हा होतील. आई ताठ बसली. इतक्या ताठ बसलेली मी तिला त्याआधी पाहिली नव्हती. "सातजणींचा हात येकच हाय. माझा." लेकी जरा कचरत होत्या, दुखवट्याच्या भेटीला यायचं आणि माहेराहून काही घेऊन जायचं, ते बरं दिसत नाही. आत्या म्हणाली, "चोळी-बांगडी देत न्हाई तुमाला. काम देतीया." राहता राहिला प्रश्न कापडाचा, ते तर सुतकाच्या चाळीत पडलेलं. क्रियेला आलेल्या गुरुजींना दादांनी विचारलं. गुरुजींनी पान जुळवता जुळवता निकाल दिला, "कापसाला कसलं सुतक? गोमूत्र शिंपडा आन् न्या." टेंपोला सुतक आहे का, हे दादांनी विचारलंच नाही. त्यांनी एस.टी. स्टँडपर्यंत सगळ्यांना सोडलं. प्रत्येकीच्या डोक्यावर जाताना पिठल्याच्या जागी चाळीस फ्रॉकांचं बंडल होतं.

सात चोक अठ्ठावीस, म्हणजे दोनशे ऐंशी. राहिले वीस. ते कोण जोडणार? मशीनवर बसणारी, सुतक नसलेली बाई आता येडगावात एकच उरली होती, आणि तिला फक्त कॉलर येत होती. आत्या आमच्या घरात राहिली-जेवली तर तिलाही विटाळ, म्हणून ती बोळापलीकडच्या सखूमावशीच्या पडवीत राहायला गेली; सखूमावशी कुंभाराची, तिचा आमच्या भावकीशी संबंध नाही. एक मशीन तिकडं हलवलं. इकडं आमच्या ओट्यावर आई, तिकडं पडवीत आत्या, मध्ये बोळ. माझं गुपित तिथं फुटलं. आत्यानं बाही उचलली, इकडून लावून बघितली, तिकडून लावून बघितली, आणि मग मान वर करून म्हणाली, "वैनी, ही कुनीकडनं?"

आईनं कपाळावर हात मारला. "अवो वन्सं, अकरा वर्सं कंपनीत काय केलं?"

"कॉलर!" आत्या ओरडली.

मग आईनं बोळाच्या अलीकडून शिकवायला सुरुवात केली. सुईला हात लावता येत नव्हता, बोळ ओलांडता येत नव्हता. होता फक्त आवाज. "बाही उलटी धरा! फुगा वर! तशी न्हाई वन्सं, उसवा!" सगळी आळी ऐकत होती. म्हशी घेऊन जाणारे थांबून मत द्यायला लागले. दुसऱ्या दिवशी काकूही ओट्यावर येऊन बसली आणि एक बाही लांबून बघून मोठ्यानं म्हणाली, "पीस रिजेक्ट!" आत्यानं पडवीतून तिला हात जोडले. पहिल्या फ्रॉकला दोन दिवस लागले आणि त्याची एक बाही पुढं बघायची, एक मागं. विसावा फ्रॉक आईनं लांबूनच निरखला आणि म्हणाली, "ह्यो मी शिवलाय." आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माणूस जवळ यायला बोळाएवढं अंतर मध्ये लागतं की काय, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, त्या दोघी पहिल्यांदाच एकमेकींशी इतकं बोलत होत्या, एवढंच.

दहाव्या दिवशी नदीकाठी तात्याबांची दशक्रिया झाली. कीर्तनकार बोलले, मग पुढारी बोलले, मग त्या पुढाऱ्यांचे विरोधक बोलले. आणि मागून, उन्हातून, डोक्यावर बंडलं घेऊन लेकी येताना दिसल्या. आमच्याकडं माहेरी कुणी रिकाम्या हातानं येत नाही. मंदाच्या बंडलात आण्याच्या शेंगा होत्या, ओतूरवालीच्या बंडलात गुळाचे खडे. शैला सगळ्यात शेवटी, दुधाच्या जीपमधून उतरली. मध्ये तिला ताप आला होता. तिच्या वाट्याचे निम्मे फ्रॉक आहुप्याच्या दोन बायांनी तिच्याजवळ बसून जोडले होते, आणि येडगावच्या लेकरांना म्हणून शेरभर तांदूळ पाठवला होता. त्यांचा टाका बघून आईनं विचारलं, "ह्यांना कुनी शिकवलं?" शैला म्हणाली, "तुमीच. मी तुमच्यावानी वरडत व्हते."

दुसऱ्या दिवशी सुतक फिटलं. आम्ही सगळ्या बायांनी न्हाऊन इस्त्री केली, लेबलं लावली आणि माल पोपटशेठच्या दुकानात उतरवला. आत्याचा तो पहिला वाकडा फ्रॉक आईनं ठेवून घेतला होता. त्याच्या जागी नमुन्याचा फ्रॉक घालून तीनशे भरले. पोपटशेठनं टेप लावून पाच-सहा मोजले. कॉलरवरून अंगठा फिरवला. मग एक फ्रॉक झटकला आणि फ्रॉकच्या खिशातून चार शेंगा पडल्या. मंदाचं काम. नोकर त्या वेचायला वाकला.

"ह्ये काय?" पोपटशेठनं विचारलं.

"स्कीम हाय," दादा म्हणाले.

पोपटशेठनं एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि नोकराला मधली फळी रिकामी करायला सांगितली. "कारखाना कुठशीक हाय तुमचा?" आत्या म्हणाली, "आणं, आळं, ओतूर, घोडेगाव, आहुपं..." ती पुढची गावं सांगत होती आणि पोपटशेठच्या भुवया वर चढत होत्या. घरी आल्यावर तिनं उन्हातली पेटी उचलून आत, माझ्या खाटेखाली सरकवली. मी तिच्या रात्रीच्या पोळीवर तेवढं तूप जरा जास्त वाढलं.

तेव्हापासून आमच्या कंपनीचा एकच नियम राहिला: कापणं आणि कॉलर येडगावात, बाकी आख्खा फ्रॉक गावोगावच्या बायांकडं, आणि एका भावकीतल्या दोघी कधीच नाहीत. कुणाकडं सुतक पडो, सोयर येवो, माल थांबत नाही. दिवाळीत खिशातल्या शेंगांबद्दल गिऱ्हाइकं विचारायला लागली तेव्हा दादांना आपणच ती शक्कल काढल्यासारखं वाटायला लागलं. पुढं माझं लग्न झालं, आळेफाट्याला दिली, आणि जाताना आत्यानं माझ्याही डोक्यावर बंडल ठेवलं. सात जणींच्या अठरा झाल्या, मग तीस. एवढ्या वर्षांत आमची सगळी मशीनं एकदम कधी थांबली नाहीत. आत्याला त्याचा फार अभिमान होता. "येका मानसाच्या मरणानं बंद पडंल, ती कसली कंपनी?" असं ती नव्या बायांना सांगायची.

आत्या गेली त्याला आता चार वर्षं झाली. येडगावातच गेली, सकाळी, कॉलरी कापून झाल्यावर. तिचं सुतक धरायचं कुणी? रीतीनं ती त्या घरची. त्या घरी कळवलं, तिकडून कुणी आलं नाही. दादांना भाऊ म्हणून तीन दिवस. आम्हा बाकीच्यांना काहीच नाही. मी माहेरी आले आणि डोळे पुसून गावोगावी फोन लावायला बसले, की बायांनो, काम चालू ठेवा, आपल्याला सुतक नाही. पहिला फोन मंदाला. ती म्हणाली, "नंदे, मी मशीन झाकून ठिवलंया." मग ओतूरला लावला. मग घोडेगावला. आहुप्याला त्या दोघींपैकी एकीच्या सुनेनं फोन घेतला आणि म्हणाली, "सासूबाई सुईला हात लावत न्हाईत, धा दीस." तिसांच्या तीस मशीनांवर फडकी पडली होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी दुकानातून फोन आला. आता तिथं पोपटशेठचा मुलगा बसतो. आईनं घेतला. तो म्हणाला, "काकू, माल कधी? तुमच्याकडं तर येकाचं सुतक दुसऱ्याला लागत न्हाई ना? बाबा सांगायचे."

"न्हाई लागत," आई म्हणाली. "ह्ये लागलं."

अकराव्या दिवशी ती न्हाऊन आली आणि आत्याच्या मशीनवरचं फडकं तिनं काढलं. कॉलरी आता शिवणार कोण, हे कुणी तोवर विचारलं नव्हतं. सत्तरी उलटलेली माझी आई मशीनवर बसली, कापलेल्या गठ्ठ्यातली वरची कॉलर तिनं घेतली आणि सुईखाली धरली. मी दारात उभी होते. तिची गोलाई पुन्हा बटाट्यासारखी झाली. तिनं ती वर धरली, मान हलवली, आणि उसवता उसवता स्वतःशीच म्हणाली, "तशी न्हाई वैनी. सुईला घाई करू नका." मी चहा ठेवायला आत गेले.